क्रायॉनिक्स संस्थांचे व्यवस्थापन

कायदेशीर मृत्यूनंतर मनुष्याचा संपूर्ण देह किंवा केवळ मस्तक अतिनीच तापमानात जतन करून ठेवण्याच्या पद्धतीस क्रायॉनिक्स म्हणतात. भविष्यकाळी वैद्यक इतके प्रगत होईल की, आजचा असाध्य रोग व जतन करताना झालेली इजा या दोन्ही दूर करता येतील, या आशेवर ही पद्धत आधारलेली आहे. अशा रीतीने जतन केलेल्या एकाही मनुष्यास आजवर पुनरुज्जीवित करता आलेले नाही आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ या कल्पनेस अप्रमाणित मानतात. तथापि १९६० नंतरच्या दशकांत हे कार्य करणाऱ्या काही संस्था मुख्यतः अमेरिकेत उदयास आल्या. त्या बहुधा नफा न मिळविणाऱ्या असून त्यांचा कारभार सदस्यांच्या वर्गणीवर, देणग्यांवर व आयुर्विम्याच्या रकमांवर चालतो.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने या संस्था इतर कोणत्याही सेवासंस्थेहून वेगळ्या आहेत. त्यांच्या कराराचा मुख्य भाग सदस्याच्या मृत्यूनंतर सुरू होतो, त्याला निश्चित मुदत नसते आणि ज्याच्यासाठी सेवा द्यावयाची, त्याला ती मिळते की नाही हे तपासता येत नाही. म्हणून देह गोठविण्याच्या क्रियेपेक्षा तो वर्षानुवर्षे गोठलेला ठेवण्याची नित्याची व्यवस्था, हाच या संस्थांपुढील खरा प्रश्न होय. त्यांचा इतिहास याची साक्ष देतो.

इतिहास : अमेरिकेतील भौतिकीचे अध्यापक रॉबर्ट एटिंगर (१९१८–२०११) यांनी द प्रॉस्पेक्ट ऑफ इम्मॉर्टॅलिटी या ग्रंथात ही कल्पना विस्ताराने मांडली. हा ग्रंथ त्यांनी १९६२ मध्ये खाजगी रीत्या व १९६४ मध्ये प्रकाशनसंस्थेमार्फत प्रसिद्ध केला. ‘क्रायॉनिक्स’ ही संज्ञा थंडी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे बनविण्यात आली. १२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेडफर्ड यांचा देह त्यांच्या मृत्यूनंतर गोठविण्यात आला. या हेतूने जतन केलेला हा पहिला मानवी देह होय.

प्रारंभीच्या संस्थांपाशी उत्साह पुष्कळ होता. परंतु निधी नव्हता. कॅलिफोर्निया क्रायॉनिक्स सोसायटी या संस्थेने लॉस अँजेल्सजवळील चॅट्सवर्थ येथील दफनभूमीत एक तळघर बांधून त्यात देह ठेवले होते. द्रव नायट्रोजनचा खर्च नातेवाइकांनी वेळोवेळी द्यावा, अशी तेथील व्यवस्था होती. काही नातेवाइकांनी पैसे देणे थांबविले, अनेक देह एकाच पात्रात दाटीने ठेवण्यात आले आणि अखेरीस नायट्रोजनचा पुरवठा खंडित झाला. तेथील नऊ देह वितळून कुजले. हा प्रकार १९७९ मध्ये उघडकीस आला व १९८१ मध्ये न्यायालयात ज्यूरीने नातेवाइकांना मोठी नुकसानभरपाई मंजूर केली.

१९७४ पूर्वी गोठविलेल्या देहांपैकी केवळ बेडफर्ड यांचाच देह आजपर्यंत जतन होऊन राहिला आहे. त्यांच्या कुटुंबीयांनी तो अनेक वर्षे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवीत नायट्रोजनचा खर्च नेटाने चालू ठेवला. १९९१ मध्ये त्याचे जुने पात्र उघडून तो नव्या पात्रात हलविण्यात आला. त्या वेळी केलेल्या बाह्य तपासणीत तो मधल्या काळात वितळला नसावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. बेडफर्ड यांचा देह टिकला व चॅट्सवर्थचे देह टिकले नाहीत, यामागे तंत्रातील फरक नव्हता. एका ठिकाणी दर आठवड्याचा खर्च कोणीतरी देत राहिले, दुसऱ्या ठिकाणी तसे कोणी उरले नाही.

पुढील काळातील दोन प्रमुख संस्थांनी हा धडा आपापल्या परीने घेतला. त्यांपैकी ॲल्कॉर ही संस्था १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली व १९९४ मध्ये ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे गेली. दुसरी क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूट ही एटिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मिशिगन राज्यात स्थापन केली. एटिंगर यांच्या मातोश्रींचा देह १९७७ मध्ये व स्वतः एटिंगर यांचा २०११ मध्ये याच संस्थेत ठेवण्यात आला. या दोन संस्थांत मिळून चारशेंहून अधिक देह वा मस्तके जतन केलेली आहेत. रशिया, जर्मनी व स्वित्झर्लंड, तसेच ऑस्ट्रेलिया येथेही २००० नंतर अशा संस्था निघाल्या.

सदस्यत्व व कागदपत्रे : कार्यालयाचे सर्वांत मोठे दैनिक काम जिवंत सदस्यांसंबंधीचे असते. सदस्य होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीस मूळ करार, जोखमीची जाणीव असल्याचे संमतिपत्र व देहदानपत्र अशी अनेक कागदपत्रे साक्षीदारांसमक्ष करून द्यावी लागतात. अमेरिकेतील राज्यांनी स्वीकारलेल्या देहदानविषयक समान कायद्याखाली (पहिला मसुदा १९६८) वैद्यकीय महाविद्यालयास जसा देह दान करता येतो, त्याच धर्तीवर तो या संस्थांना देण्यात येतो. शवविच्छेदनास धार्मिक कारणास्तव हरकत असल्याचे प्रमाणपत्र काही राज्यांत करता येते. तेही सदस्याकडून घेतले जाते. निकटच्या नातेवाइकांनी अडथळा आणू नये म्हणून त्यांचीही लेखी संमती मिळविण्याचा प्रयत्न असतो.

सदस्यास एक धातूचे कंकण किंवा गळ्यात घालावयाची पट्टिका देण्यात येते. तीवर संस्थेचा दूरध्वनी क्रमांक व मृत्यू समीप आल्यास तातडीने करावयाच्या गोष्टी कोरलेल्या असतात. परंतु कंकण देऊन काम संपत नाही. सदस्य घर बदलतात, विवाह वा घटस्फोट होतात, नातेवाइकांची मते पालटतात, विम्याचा हप्ता चुकून विमापत्र रद्द होते किंवा विम्याचा लाभधारक बदलला जातो. यांपैकी कोणतीही गोष्ट वेळीच नोंदली गेली नाही, तर ती बहुधा सदस्याच्या मृत्यूच्या दिवशीच उघड होते व तेव्हा तिच्यावर उपाय नसतो. म्हणून प्रत्येक सदस्याच्या नोंदीची ठराविक काळाने फेरतपासणी करणे, विमा कंपन्यांकडून खातरजमा करून घेणे व वृद्ध सदस्यांशी संपर्क ठेवणे ही कामे अखंड चालतात. एकाकी राहणाऱ्या सदस्याचा मृत्यू काही दिवस कोणाच्याही लक्षात न येणे, ही या क्षेत्रातील नेहमीची भीती होय.

अर्थव्यवस्था : चॅट्सवर्थच्या अनुभवानंतर जतनाचा संपूर्ण खर्च मृत्यूसमयी एकरकमी उपलब्ध झाला पाहिजे, हे तत्त्व सर्वमान्य झाले. मध्यम उत्पन्नाच्या माणसास एवढी रक्कम साठविणे कठीण असल्यामुळे बहुतेक सदस्य आयुर्विमा उतरवितात व संस्थेस त्याचा लाभधारक करतात. २०२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ॲल्कॉर संस्थेची किमान रक्कम संपूर्ण देहासाठी २,२०,००० डॉलर व केवळ मस्तकासाठी ८०,००० डॉलर होती. क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूट आजीव सदस्यांकडून २८,००० डॉलर घेत असे. हा फरक मुख्यतः सेवेच्या व्याप्तीमुळे पडतो. पहिल्या संस्थेच्या रकमेत मृत्युशय्येजवळील मदतपथकाचा खर्च व जतननिधीची मोठी ठेव यांचा समावेश होतो. दुसऱ्या संस्थेच्या रकमेत मदतपथक व देहाची वाहतूक यांचा समावेश नसतो. त्यांची सोय सदस्यास वेगळी करावी लागते.

मिळालेल्या रकमेचा एक भाग प्रत्यक्ष शीतकरणास लागतो व उरलेला दीर्घकालीन जतनासाठी गुंतविला जातो. येथील हिशेब साधा पण कठोर असतो. उदा., एका देहाच्या जतनास वर्षाला १,००० डॉलर लागतात असे धरले व भाववाढ वजा जाता गुंतवणुकीवर दोन टक्के उत्पन्न मिळाले, तर मुद्दलास हात न लावता खर्च भागण्यासाठी ५०,००० डॉलर हवेत. उत्पन्न एक टक्क्यावर आले, तर हीच रक्कम १,००,००० डॉलर होते. संस्थेच्या अस्तित्वाविषयीचा निर्णय अशा एका टक्क्यावर अवलंबून असू शकतो.

चालू खर्चाच्या अडचणीत जतननिधी वापरण्याचा मोह होऊ नये, म्हणून तो कायद्याने वेगळा ठेवणे इष्ट ठरते. ॲल्कॉर संस्थेने १९९७ मध्ये यासाठी स्वतंत्र व अपरिवर्तनीय न्यास निर्माण केला. तरीही एक प्रश्न उरतो : अनेक दशकांपूर्वी सदस्य झालेल्या व्यक्तीचे विमापत्र त्या वेळच्या दराचे असते आणि मृत्यूसमयी ते अपुरे पडते. वृद्धापकाळी वाढीव विमा मिळणे जवळजवळ अशक्य असते. अशा निष्ठावंत सदस्यास नाकारावे, की त्याचा भार इतरांच्या निधीवर टाकावा, हा पेच संचालक मंडळांपुढे वारंवार येतो.

आपत्कालीन सज्जता : हृदयक्रिया थांबल्यावर मेंदूस रक्तपुरवठा होत नाही व काही मिनिटांतच इजेस आरंभ होतो. त्यामुळे संस्थेचा आपत्कालीन दूरध्वनी अहोरात्र चालू ठेवावा लागतो. सदस्याची प्रकृती खालावल्याचे कळताच समन्वयक डॉक्टरांशी व नातेवाइकांशी बोलून मृत्यू किती दिवसांत संभवतो याचा अंदाज घेतो आणि मदतपथक पाठविण्याचा निर्णय करतो. हा अंदाज चुकल्यास दोन्ही बाजूंनी हानी होते. पथक लवकर गेले, तर रोजचा खर्च वाढत जातो. उशिरा गेले, तर संपूर्ण तयारी निष्फळ ठरू शकते.

कायद्याने मृत्यू घोषित होण्यापूर्वी पथकास देहाला हात लावता येत नाही. तसे केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरेल. मृत्यू घोषित होताच देह बर्फाच्या पाण्यात ठेवणे, यंत्राने छातीवर दाब देऊन रुधिराभिसरण तात्पुरते चालविणे, रक्त गोठू नये म्हणून हेपारीनसारखी औषधे देणे व देह थंड अवस्थेत संस्थेच्या शस्त्रक्रियागृहात नेणे ही कामे ठरलेल्या क्रमाने केली जातात. विमानसेवा, शववाहतुकीचे परवाने, स्थानिक अंत्यविधी-व्यावसायिक व बर्फाचा पुरवठा यांची यादी आधीच तयार ठेवावी लागते.

शस्त्रक्रियागृहात रोहिण्यांवाटे (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांवाटे) शीतरक्षक द्रव्यांचा विद्राव क्रमाक्रमाने भरण्यात येतो. त्यामुळे ऊतकांमध्ये (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांमध्ये) बर्फाचे स्फटिक न बनता ती काचेसारख्या अवस्थेत घट्ट होतात. या क्रियेस काचीभवन म्हणतात. २००० नंतर तिने जुन्या गोठण-पद्धतीची जागा बव्हंशी घेतली. त्यानंतर संगणकाच्या नियंत्रणाखाली नायट्रोजनच्या बाष्पाने देह सु. एक आठवड्याच्या अवधीत −१९६° से. पर्यंत थंड केला जातो. काचीभवनाच्या तापमानाखाली ऊतकांत ताण निर्माण होऊन तडे जाण्याचा संभव असतो, म्हणून ही क्रिया सावकाश करावी लागते.

जतनगृहातील दैनिक कामे : द्रव नायट्रोजन वातावरणीय दाबास −१९६° से. ला उकळतो. दुहेरी भिंती व मधे निर्वात असलेल्या, म्हणजे घरगुती थर्मासच्या तत्त्वावरील मोठ्या पात्रांत तो भरलेला असतो. बाहेरून शिरणाऱ्या अल्प उष्णतेमुळे तो हळूहळू उडून जातो व त्याची भर घालावी लागते. या पात्रांना विजेची गरज नसते, हा या योजनेचा मोठा लाभ होय. याचे महत्त्व फ्रान्समधील एका घटनेवरून दिसून येते. तेथील एका डॉक्टराने १९८४ मध्ये आपल्या मृत पत्नीचा देह स्वतःच्या वाड्यातील विजेवर चालणाऱ्या शीतपेटीत ठेवला होता. २००२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर मुलाने पित्याचाही देह तेथेच ठेवला. पुढे यंत्रातील बिघाड वेळीच लक्षात न आल्याने तापमान वाढले व २००६ मध्ये दोन्ही देहांचे दहन करावे लागले. तेथे संस्था नव्हती. एकच कुटुंब होते व यंत्राकडे पाहणारे दुसरे कोणी नव्हते.

संस्थेच्या जतनगृहात प्रत्येक पात्रातील द्रवाची पातळी मोजून नोंदविणे, नायट्रोजनची वाढती उड्डाणगती हे निर्वात बिघडल्याचे लक्षण समजून त्या पात्राकडे लक्ष देणे, मोठ्या साठवण-टाकीतील साठा तपासणे व पुरवठादाराच्या फेऱ्या ठरविणे ही नित्याची कामे असतात. देह पात्रात डोके खाली करून ठेवतात. द्रवाची पातळी काही कारणाने घटली, तरी मस्तक शेवटपर्यंत द्रवात बुडून राहावे, हा त्यामागील हेतू होय. मोठ्या पात्राचे पृष्ठफळ त्याच्या घनफळाच्या मानाने कमी असल्यामुळे एका पात्रात अनेक देह ठेवल्यास दर देहामागे नायट्रोजन कमी लागतो.

एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सु. ७०० लिटर वायू बनतो. बंदिस्त खोलीत तो साचल्यास हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण घटून कर्मचारी कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडू शकतो. म्हणून वायुवीजन, ऑक्सिजनमापक व धोक्याची घंटा यांची तपासणी हाही दैनिक कामाचा आवश्यक भाग असतो. संस्थांच्या बोलण्यात व लिखाणात जतन केलेल्या व्यक्तींस ‘रुग्ण’ म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती शवे असतात. या दोन शब्दांतील अंतर कार्यालयाच्या प्रत्येक पत्रव्यवहारात जाणवते.

कायदा व शासन : ही संस्था रुग्णालय, दफनभूमी की देहदान स्वीकारणारी संशोधनसंस्था, याचे उत्तर निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळे दिले आहे. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने शवाच्या विल्हेवाटीच्या नमुन्यावर क्रायॉनिक्सची नोंद करण्यास नकार दिला होता. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिल्यावर हा अडसर दूर झाला. मिशिगन राज्याने २००३ मध्ये तेथील संस्थेचे काम थांबविले व पुढील वर्षी तिचे दफनभूमी म्हणून वर्गीकरण करून ते पुन्हा सुरू होऊ दिले.

नातेवाइकांशी होणारे वाद अधिक क्लेशदायक असतात. आयोवा राज्यात एका सदस्याच्या भावंडांनी संस्थेस न कळविता त्याचे दफन केले. २०१० मध्ये तेथील अपील न्यायालयाने मृताच्या लेखी इच्छेस मान देऊन संस्थेच्या बाजूने निर्णय दिला; परंतु दफन होऊन एक वर्षाहून अधिक काळ लोटला होता. इंग्लंडमध्ये २०१६ साली उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात कर्करोगाने मरणासन्न असलेल्या १४ वर्षांच्या मुलीची इच्छा मान्य होऊन तिचा देह अमेरिकेस पाठविण्यात आला. त्यानंतर रुग्णालयाने न्यायाधीशांना पाठविलेल्या टिपणात मदतीस आलेल्या स्वयंसेवकांच्या अपुऱ्या साधनांविषयी व अव्यवस्थेविषयी चिंता व्यक्त केली होती. शोकमग्न कुटुंबाच्या दृष्टीने संस्थेची खरी ओळख तत्त्वज्ञानातून होत नाही, तर अशा प्रसंगी दाराशी येणाऱ्या माणसांच्या तयारीतून होते, हे यावरून ध्यानी येते.

संचालन व उत्तराधिकार : संस्थेचे आयुष्य तिच्या संस्थापकांहून, कर्मचाऱ्यांहून व पुरवठादारांहून दीर्घ असावे, अशी अपेक्षा असते. क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूटचे संचालक सदस्यांच्या मतदानाने निवडले जातात. ॲल्कॉर संस्थेत विद्यमान संचालक नव्यांची निवड करीत आले आहेत. पहिल्या पद्धतीत सदस्यांपुढील जबाबदारी स्पष्ट राहते, तर दुसरीत धोरणाचे सातत्य टिकविणे सोपे जाते. दोन्ही पद्धतींत मतदानाचा वा निवडीचा हक्क जिवंतांकडे असतो. ज्यांच्यासाठी निधी जमविला, त्यांना मत नसते. ज्या व्यक्तींचे आप्त जतनगृहात आहेत त्यांना विश्वस्त मंडळात स्थान देणे, हा त्यावरील एक उपाय होय. वार्षिक हिशेब व जतनाच्या प्रत्येक प्रकरणाचा अहवाल, त्यातील चुकांसह प्रसिद्ध करणे हा दुसरा उपाय होय.

मूल्यमापन : नीच तापमानातील जतनाचे विज्ञान पुढे जात आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी काचीभवनाने १०० दिवसांपर्यंत जतन केलेली उंदरांची मूत्रपिंडे पुन्हा उबदार करून यशस्वी रीत्या रोपण केल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु उंदराचे मूत्रपिंड व मनुष्याचा मेंदू यांत आकाराचे व जटिलतेचे फार मोठे अंतर आहे. संस्थांच्या मूळ आशेस त्यामुळे पुरावा मिळाला, असे म्हणता येत नाही.

ही आशा फलद्रूप होईल की नाही, याचा निर्णय व्यवस्थापनाच्या हाती नाही. तोपर्यंत देह सुस्थितीत ठेवणे, सदस्यास खोटी हमी न देणे, त्याच्या पैशाचा हिशेब चोख राखणे आणि आपल्या पश्चात हेच काम कोण करील याची तजवीज करणे एवढेच त्याच्या हाती असते. आपल्या वचनभंगाची तक्रार करू न शकणाऱ्या व्यक्तीस दिलेले वचन पाळण्याची ही जबाबदारी आहे. क्रायॉनिक्सवर विश्वास नसणाऱ्या समाजानेही अशा संस्थांच्या कारभाराकडे लक्ष द्यावे, याचे कारण हेच होय.